शिकारीची रसद

राजा दीनदयाळ यांनी एप्रिल १९०२ मध्ये वरंगळ जिल्ह्यातील नेकोंडा येथे काढलेले एक छायाचित्र आता अनेक ग्रंथांतून पाहावयास मिळते. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि लेडी कर्झन उभे आहेत आणि त्यांच्यापुढे मारलेला वाघ पडला आहे. दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. त्यापूर्वी इंदूरला होळकर दरबाराचा आश्रय त्यांना लाभला होता, आणि त्यांचा स्टुडिओ आपल्या सिकंदराबादेतच होता. तेव्हा या चित्राशी आपल्या गावाचे एक जुने नाते आहे असे म्हणावयास हरकत नाही. परंतु हे चित्र म्हणजे एका दीर्घ व्यवहाराची अखेरची ओळ आहे. वाघ पडला तो क्षणात. त्या क्षणापर्यंत पोहोचण्यासाठी कित्येक आठवडे आधी किती माणसे, किती जनावरे, किती गाड्या आणि किती हुकूम हलले असतील, याचा मागमूस त्या काचेवर उमटलेला नाही. शिकारीविषयीचे आपल्याकडील लेखन बहुधा गोळी झाडण्याच्या प्रसंगाभोवतीच घुटमळते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याआधीची सिद्धता हा आहे.

प्रथम ऋतूचा विचार करावा लागतो. थंड देशांत मोठ्या जनावरांच्या शिकारीचा काळ शरद ऋतू. कॅनडात किंवा नॉर्वे-स्वीडनमध्ये मूस नावाच्या प्रचंड सांबराची शिकार सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नर त्या वेळी माजावर येऊन साद देतात, थंडीमुळे मांस टिकते, आणि घरात हिवाळ्याची बेगमी होते. तेथील शिकार मूलतः कोठारासाठी आहे. दख्खनमधील दरबारी आणि लष्करी शिकार कोठारासाठी नव्हती आणि तिचा ऋतूही नेमका उलट, म्हणजे चैत्र-वैशाख. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या रानांत गवत माणसाच्या डोक्याइतके वाढलेले असते, झाडे पानांनी भरलेली असतात आणि प्रत्येक ओढ्याला पाणी असते. वाघ कोठेही पाणी पिऊ शकतो आणि कोठेही दडू शकतो. फाल्गुनानंतर साग निष्पर्ण होतो, पळस पेटतो, गवत जळते किंवा वाळून जाते, आणि पाणी आटत आटत दहा कोसांत दोन-चार डोहांपुरते उरते. वाघाला त्या डोहांजवळच राहणे भाग पडते. शिकारी ज्याला नशीब म्हणतो, त्याचा मोठा भाग म्हणजे हे आटलेले पाणी होय.

दुसरे कारण तापाचे. पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने जंगलात मलेरियाचे असत. गोदावरीकाठच्या आणि नल्लमलाच्या रानांत आश्विन-कार्तिकात मुक्काम करणे म्हणजे हिवताप अंगावर ओढवून घेणे, हे अनुभवाने सर्वांना ठाऊक होते. त्याचे कारण मात्र कोणाला ठाऊक नव्हते. ते कारण २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सापडले आणि तेही सिकंदराबादेतच. बेगमपेठेतील त्यांच्या कामाची इमारत आजही उभी आहे. डासाच्या पोटातील तो काळसर ठिपका रॉस यांनी पाहिला त्या काळातही लष्करातील साहेब लोक उन्हाळ्याची रजा घेऊन रानात जात होते आणि सामानात क्विनीनची बाटली न विसरता ठेवीत होते.

येथे ‘लष्कर’ हा शब्द मी जुन्या अर्थाने वापरला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी सिकंदराबादचे नाव लष्कर असेच होते. १८०६ मध्ये सिकंदरजाहच्या नावाने वसलेली ही छावणी, तिच्या उत्तरेला तिरमलगिरी आणि बोलारम. बोलारम हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे मुख्य ठाणे. या फौजेची इतर ठाणी पाहिली की मराठी वाचकाला घरी आल्यासारखे वाटेल : औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, वऱ्हाडात एलिचपूर. ही फौज १९०३ मध्ये मोडून ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. तिच्यातील एक अधिकारी आर. जी. बर्टन यांनी कंटिंजंटचा इतिहास १९०५ साली लिहिला, आणि पुढे १९२८ मध्ये दख्खनमधील शिकार व वन्यजीवनावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. दख्खनच्या शिकारीबद्दल इंग्रजीत बरेच लेखन आहे, पण इतक्या वर्षांच्या वास्तव्यातून आलेले थोडेच.

लष्करातील साहेबाची तयारी आणि दरबाराची तयारी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्यांची गल्लत करू नये.

साहेबाला दोन-अडीच महिन्यांची रजा मिळे. त्याने कोणत्या भागात जायचे हे आधी ठरवून परवानगी मिळवावी लागे, कारण चांगली राने निजामाने व बड्या अमिरांनी स्वतःसाठी राखून ठेवलेली असत. मग बैलगाड्या ठरवायच्या. तंबू, रावट्या, कनाती, खाटा, पखाली, कंदील, पीठ-तांदूळ, मीठ, चहा, साखर, तंबाखू, डबाबंद खाद्ये अशी यादी होई. वाटेत गावे असली तरी रानात शिरल्यावर मीठसुद्धा मिळेलच याची खात्री नसे. पाणी निवळण्यासाठी तुरटी, आणि विहिरीत टाकण्यासाठी व जखमा धुण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट, ज्याला आपल्याकडे ‘लाल औषध’ म्हणत. औषधांची पेटी शोभेची नव्हती. वाघाच्या नखांत आणि दातांत कुजलेल्या मांसाचे कण असतात. त्याने नुसते ओरबाडले तरी जखम सडत जाई. पेनिसिलिनच्या आधीच्या त्या काळात वाघाने जागीच मारलेल्या माणसांपेक्षा चार-सहा दिवसांनी जखम चिघळून मेलेली माणसे पुष्कळ असावीत असे त्या काळचे वर्णन वाचताना वाटत राहते. म्हणून कार्बोलिक अ‍ॅसिड आणि पिचकारी हवीच.

बंदुकांच्या बाबतीत १८९० च्या दशकात मोठे स्थित्यंतर झाले. त्यापूर्वी काळ्या दारूच्या जड दुनळी बंदुका असत. बार उडाला की पुढे धुराचा पडदा उभा राही आणि जखमी जनावर कोणीकडे गेले ते दिसत नसे. कॉर्डाइट नावाची धूर न करणारी दारू आली आणि हा अंधार दूर झाला. मचाणावरील माणसाचा धोका त्यामुळे कमी झाला हे खरे. खाली हाका घालणाऱ्याचा किती कमी झाला, हा निराळा प्रश्न आहे.

आता मुख्य कामाकडे वळू. वाघ शोधत फिरून मिळत नाही. त्याला एका जागी आणावे आणि थांबवावे लागते. त्यासाठी ‘गारा’ बांधीत. गारा म्हणजे आमिष. सामान्यतः म्हशीचा हल्या, दीड-दोन वर्षांचा. छावणी पडण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी स्थानिक शिकारी पुढे जाई. तो ओढ्यांची वाळू, डोहांचे काठ आणि पाऊलवाटांवरील धूळ पाहून वाघाचा माग काढी. पंजाच्या ठशावरून नर की मादी, ताजा की शिळा, जाताना की येताना, हे तो सांगे. दोन नाले मिळतात तेथे किंवा पाण्याकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला हल्या बांधायचा. बांधण्याचीही रीत होती. दोर गळ्यात न घालता पायाला घालीत, कारण वाघ मानेला धरतो आणि तेथे दोर लागला की बिचकतो. दोर फार मजबूतही नको. मारल्यानंतर वाघाला शिकार ओढून नेता आली पाहिजे. ती त्याने आपल्या मनाजोगत्या सावलीत, पाण्याजवळ नेली, पोटभर खाल्ली, पाणी प्याला आणि तेथेच पहुडला, की निम्मे काम झाले. हल्याला संध्याकाळी वैरण-पाणी देऊन बांधायचे आणि पहाटे जाऊन पाहायचे. जिवंत असला तर सोडून आणायचे, संध्याकाळी पुन्हा बांधायचे. अशी सहा-आठ ठिकाणे एकाच वेळी चालत. एखादे ठिकाण ‘लागले’ की माणूस धावत छावणीवर येई. त्या बातमीला ‘खबर’ म्हणत, आणि सगळी छावणी त्या एका शब्दासाठी ताटकळत असे.

खबर आली तरी घाई करीत नसत. हाका दुपारच्या सुमारास. सूर्य माथ्यावर, दगड तापून लाल, पाय ठेववत नाही अशी वेळ. वाघालाही त्या उन्हात लांब जाण्याची इच्छा नसते. तो सावलीसावलीने सरकतो. शिकारी वाघाच्या झोपण्याच्या जागेभोवती दुरून वळसा घेई आणि अंदाज बांधी की उठवल्यास हा कोणत्या घळीने जाईल. त्या घळीच्या तोंडाशी मचाण. मचाणापासून मागे दोन्ही बाजूंना, नरसाळ्याच्या दोन भिंतींप्रमाणे, झाडांवर माणसे बसवीत. इंग्रज त्यांना ‘स्टॉप’ म्हणत. वाघ बाजूला फुटू लागला तर त्यांनी ओरडायचे नाही. केवळ हलके खाकरायचे किंवा काठीने खोडावर टकटक करायची. तेवढ्याने तो वळतो. मोठ्याने ओरडल्यास तो उलटून हाकाऱ्यांच्या रांगेवर येतो. या झाडावरच्या माणसाची अक्कल आणि त्याचे धैर्य यांवर सारा डाव अवलंबून असे. कोणी मोकळ्या जागी दोन झुडपांना पांढरे फडके बांधून माणसाची बचत करीत, तेही पुष्कळदा पुरते. रांगेत शंभर-दीडशे माणसे, ढोल, डफ, पत्र्याचे डबे, शिंगे. इशारा होताच गोंगाट सुरू होई आणि रांग पुढे सरके. मचाणावरून बार ऐकू येईपर्यंत रांगेतल्या माणसाच्या हातात काठी किंवा फार तर कुऱ्हाड.

दरबारी शिकारीचे मान निराळे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा जन्म १८६६ चा. तीन वर्षांचे होण्याआधीच गादीवर आले, १८८४ मध्ये कारभार हाती घेतला आणि १९११ मध्ये निवर्तले. त्यांचा नेम अचूक होता याविषयी दुमत नाही. तीसहून अधिक वाघ त्यांनी मारले म्हणतात, आणि ‘तीसमारखां’ हा शब्द त्यांच्यावरूनच पडला असे आपल्या शहरात आजही अभिमानाने सांगितले जाते. व्युत्पत्ती म्हणून मला ती पटत नाही. शब्दाचा थट्टेचा सूर बादशहाच्या गौरवाशी जुळत नाही. पण शहराला ती आवडते, एवढे खरे. त्यांच्या शिकारीचे संयोजन ज्यांच्याकडे असे त्यांत अफसर-उल-मुल्क हे प्रमुख. मूळचे कंटिंजंटमधले, पुढे निजामाच्या फौजेचे सेनापती. म्हणजे साहेबांची रीत आणि दरबाराचा थाट या दोहोंची ज्यांना जाण होती अशा माणसाकडे हे काम होते.

जानेवारी १८९३ मध्ये ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड हैदराबादेत आले. जगप्रवासाची त्यांची रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली. त्यांच्यासाठी शिकारीची छावणी तांडूरला पडली होती. हेच गृहस्थ १९१४ मध्ये साराजेव्होत मारले गेले आणि महायुद्ध पेटले. तांडूर हे वाडी-सिकंदराबाद लोहमार्गावर, आणि तो मार्ग १८७४ पासून चालू होता. नेकोंडा हे वरंगळच्या पुढे, सिकंदराबादेहून बेझवाड्याला जाणाऱ्या मार्गावर. तो मार्ग १८८९ मध्ये पूर्ण झाला. नकाशा समोर ठेवून पाहिले की एक गोष्ट उघड होते. मोठ्या पाहुण्यांची शिकार ‘दुर्गम अरण्यात’ झाली असे वर्णन असले, तरी ती छावणी रेल्वेच्या सोयीने पोहोचता येईल अशा टप्प्यात असे. पाहुणा गाडीने येई, त्याच्या मागोमाग तंबू, बर्फ, मद्य, गालिचे, खानसामे आणि वाद्यवृंद येऊ शकत. दुर्गमता उरे ती हाका घालणाऱ्यांच्या वाट्याला. ते आपापल्या गावांहून पायी येत.

तंबूंचे गाव रानात उभे राहायचे म्हणजे तहसीलीत आधी महिनाभर लगबग. सुभेदाराकडून तालुकदाराला, तालुकदाराकडून तहसीलदाराला, तेथून पटेल-पटवाऱ्याला हुकूम जाई. वाट साफ करा, ओढ्यांवर तात्पुरते पूल टाका, विहिरी उपसा, इतक्या गाड्या, इतके मण लाकूड, इतका कडबा, इतकी मडकी, दूध, अंडी, कोंबड्या, बोकड हजर ठेवा. याला ‘रसद’ म्हणत. शब्द लष्करी आहे आणि त्यात देवघेवीचा सूर असला तरी व्यवहारात ती बहुतेक एकेरी होती. फीलखान्यातील एकेका हत्तीला दिवसाला किती चारा लागतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला पंधरा-वीस हत्ती आले म्हणजे लहानशा गावाचे काय होत असेल याची कल्पना यावी. आणि तेही वैशाखात, ज्या दिवसांत गावाच्या स्वतःच्या गुरांना काडी मिळणे कठीण.

तेलंगणात या सक्तीच्या सेवेला ‘वेट्टी’ म्हणत. आपल्याकडे वेठ किंवा वेठबिगार. दोन्ही एकाच वृक्षाच्या फांद्या. कुंभाराने मडकी द्यायची, धनगराने बोकड, परटाने कपडे धुवायचे, मादिगांनी डफ वाजवायचा, वाट दाखवायची आणि ओझी वाहायची. तेथील गावकामगारांना ‘सेतसिंधी’ म्हणत. हा आपलाच ‘शेतसनदी’ आहे. केवळ अधिकाऱ्याच्या दौऱ्यालाही ही सेवा लागे. शिकार हे तिचे सर्वांत मोठे रूप. इंग्रज शिकाऱ्यांच्या लिखाणात एक सल्ला वारंवार आढळतो की हाकाऱ्यांचे पैसे स्वतःच्या हाताने, माणूस रांगेत उभा करून, मोजून द्यावेत. मध्यस्थाच्या हाती देऊ नयेत. या सल्ल्यावरून अन्यथा काय होत असे ते समजते. ज्या शिकारीत यजमान खुद्द सरकारच असे, तेथे कोणाचा पैसा कोठवर पोहोचला हे विचारण्याची सोयच नव्हती.

आपल्या समाजाच्या इतिहासातला एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक आहे, कारण तो आपल्या समारंभांत फारसा सांगितला जात नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे शांतपणे ऐकून घेतली गेली. आलमपल्ली व्यंकटरामराव तेलुगूत बोलावयास उभे राहताच श्रोत्यांनी हुर्यो करून त्यांना बसावयास लावले. श्रोत्यांत आपली मंडळी पुष्कळ होती. अपमानित झालेली तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र जमली आणि आंध्र जन संघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव हे त्या संघाचे आधारस्तंभ. या संघाने आरंभीच्या काळात हाती घेतलेल्या कामांत वेट्टीविरुद्धचे काम महत्त्वाचे होते : कायद्याने काय मागता येते आणि काय येत नाही, हे सांगणाऱ्या लहान पुस्तिका छापून गावोगाव वाटणे. ज्या सभागृहात आपण सुधारणेचे ठराव करीत होतो, तेथून हाकलल्यासारखे बाहेर पडलेल्या माणसांनी वेठीचा प्रश्न उचलला. केशवराव कोरटकरांसारख्या उदार नेत्यांच्या कार्याला याने उणेपणा येत नाही. परंतु मराठी सुधारकांचे लक्ष शाळा, भाषा आणि नागरी हक्कांकडे अधिक होते. खेड्यातील रसदीकडे तितके नव्हते, हे मान्य करावे लागते.

त्याला कारणही होते. मराठवाड्यात काय किंवा आदिलाबादेकडे काय, पटवारी, देशपांडे, कारकून ही आमचीच घराणी. शिकारीच्या छायाचित्रात आपले पूर्वज बंदूक घेऊन उभे नाहीत, हे ठीक आहे. ते दप्तर घेऊन चौकटीच्या बाहेर उभे होते. कोणत्या घरातून किती कोंबड्या, कोणाची गाडी, कोणाचे दोन बैल, हे मोडीत टिपून घेणारा हात आपला होता. हुकूम वरून आला होता आणि नोकरीत असलेल्याने तो मोडणे शक्य नव्हते, ही बाजू मी महसुलाच्या नोकरीत राहिलेला माणूस म्हणून चांगली समजू शकतो. तरीही यादीत कोणाचे नाव घालायचे आणि कोणाचे वगळायचे, एवढी सत्ता त्या टाकाला होतीच. आपल्या घराण्यांच्या बखरींत सनदा-इनामांचे उल्लेख पानोपानी येतात. या याद्यांचे येत नाहीत. कोणाच्या माळ्यावर अशी मोडी टिपणे अजून असतील तर ती वाळवीच्या स्वाधीन न करता एखाद्या ग्रंथालयाला द्यावीत, एवढी विनंती या निमित्ताने करतो.

रानातील माणसांविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. नल्लमलात चेंचू, आदिलाबादेकडे राजगोंड, कोलाम, नायकपोड. शिकारीत माग काढणे हे खरे कौशल्याचे काम, आणि ते यांचे. ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना तुरुंगात न ठेवता हैदराबाद राज्यात राहू देण्यात आले. त्याचा परिणाम म्हणजे १९४३ मध्ये चेंचूंवरचा ग्रंथ आणि पुढे गोंड-कोलामांविषयीचे अहवाल. जंगल राखीव झाल्याने गोंडांची शेते कशी गेली, नव्या वस्तीकऱ्यांच्या नावे पट्टे कसे झाले, आणि अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांत गोंडांकडून फुकट काम कसे घेतले जाई, हे त्यांनी निजाम सरकारच्याच आश्रयाने, पण न कचरता लिहिले. त्याच पार्श्वभूमीवर १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम पोलिसांच्या गोळीने पडले. एकाच रानात एक गोळी ‘खेळ’ ठरे आणि दुसरी ‘बंदोबस्त’.

हायमेनडॉर्फ यांनी नोंदवलेली एक गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटावी : गोंडांचे भाट जे परधान, त्यांची घरची भाषा मराठी. नोकरीच्या निमित्ताने आदिलाबाद जिल्ह्यात काही वर्षे काढली तेव्हा मला याचा प्रत्यय आला. उटनूरच्या बाजूला एका वृद्ध परधानाने आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली हाक्याची हकिकत मला सांगितली. आणि ती तेलुगूत किंवा उर्दूत नव्हे, तर वऱ्हाडी वळणाच्या स्वच्छ मराठीत. वाघ कसा होता याविषयी तो काहीच बोलला नाही. हाका मोहाच्या वेळी पडे, आणि मोह वेचण्याचे दिवस वर्षातून तेवढेच, हे त्याने दोनदा सांगितले. मोहाची फुले चैत्रात पहाटे गळतात आणि त्याच सकाळी वेचावी लागतात. गोंड-कोलाम घरांत पावसाळ्यापूर्वीच्या अडचणीच्या महिन्यांत त्यांचा आधार असे. साहेबाची उत्तम शिकारीची पंधरवडी आणि मोहाची पंधरवडी एकच. इंग्रजी पुस्तकांत मला हा मुद्दा आढळला नाही.

१९४८ नंतर दरबार गेला, पण वाघ वाचला असे नाही. उलट जीपगाडी, रात्रीचे प्रखर दिवे आणि सहज मिळणारे परवाने यांनी वीस वर्षांत जे केले ते निजामाच्या सगळ्या हत्तींनाही जमले नसते. आता ना हाका लागे, ना गारा. रस्त्याने जात असता डोळे चमकले की बार. तयारीच उरली नाही. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्रप्रकल्प त्यानंतरचे. काकतीय काळातील पाखाल तलावाभोवतीचे शिकारीचे रान १९५२ मध्येच अभयारण्य झाले होते. नल्लमलातील फराहाबादचे रान, जेथे निजामाचा शिकारबंगला होता, ते आज अमराबाद व्याघ्र प्रकल्पात आहे. आदिलाबादचा कवाल २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे येणारे वाघ पुष्कळदा पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रातील टिपेश्वर आणि ताडोब्याकडून येतात, म्हणजे किनवट-राजुऱ्याच्या ज्या पट्ट्याला १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने दोन राज्यांत विभागले, तो पट्टा वाघांनी आपल्या पायांनी जोडून ठेवला आहे.

अलीकडची एक मोहीम मात्र जुन्या तयारीची आठवण करून देणारी होती. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ अथवा ‘अवनी’ या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा आरोप होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०१८ पासून तिला बेशुद्ध करून पकडावे, न जमल्यास मारावे, यासाठी मोठी सिद्धता झाली. शिकारी हैदराबादेहूनच बोलावले गेले. हत्ती आले, ड्रोन आले, आमिषाची जनावरे बांधली गेली, झाडांवर कॅमेरे बसले, आणि वाघिणीला ओढून घेण्यासाठी एका परदेशी अत्तराचाही प्रयोग झाला. परंतु ऋतू शरदाचा होता. गवत कमरेच्या वर, घाणेरीच्या जाळ्या दाट, नाल्यांना पाणी. दख्खनच्या जुन्या शिकाऱ्याने त्या महिन्यात बंदूक बाहेर काढली नसती. वनखात्याला मात्र वैशाखाची वाट पाहण्याची मुभा नव्हती. कापूस वेचणीला आलेली माणसे शेतात होती. ऑक्टोबरच्या आरंभी ताडोब्याहून आणलेला एक हत्ती साखळी तोडून रात्री निघाला आणि त्याने शेजारच्या गावातील एका स्त्रीला ठार केले. त्यानंतर हत्ती परत पाठवण्यात आले. वाघीण २ नोव्हेंबरच्या रात्री गोळीने मेली. तिची दोन पिले मागे राहिली होती, आणि त्यांच्या शोधासाठी त्याच रानात पुन्हा माणसे लावावी लागली.